आदरार्थी बहुवचन

दौलतगंजातल्या गल्लीत, गजकवाल्याच्या डोक्यावर,
मी चुका शोधतो. एकतीस वर्षं.
खाली दिवसभर तीळ कुटतात,
त्या ठोक्यांवर माझी मान हलते,
ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व.

त्या जानेवारीत धुक्याने आठवडाभर किल्ला गिळलेला
आणि वासंती डुबल यांची कादंबरी आली,
चारशे पानं, सुतळीने बांधलेली.
देश कुठला ते लिहिलेलं नाही.
हुकूमशहाला नाव नाही, मिशी नाही, चेहरा नाही.
पहिली बारा प्रकरणं तो नुसतं एक सर्वनाम आहे:
ते उठले. ते हसले. त्यांना आंबट चालत नाही.
बाकी सगळं कर्मणि प्रयोगात.
दारं ठोठावली गेली.
माणसं नेली गेली.
चपला तेवढ्या राहिल्या. (इथे मात्र कर्तरी.)
मी समासात बारीक लिहिलं, कर्ता?
आणि माझं मीच खोडलं.

तेराव्या प्रकरणात तोफ नाही, जमाव नाही,
पुतळ्याच्या गळ्यात दोर नाही.
एक स्वयंपाकी सकाळी दूध तापवताना म्हणतो,
तो गेला.
बस.
एक काना वाढतो आणि राजवट पडते.

मला ते दिसलंच नाही.
मला दिसली लेखिकेची गफलत.
एकेचाळीस ठिकाणी लाल पेनाने काना छाटला,
'तो'चा 'ते' केला,
आणि बिलात जादा दुरुस्त्यांचे पैसे लावले.

बाई जिना चढून आल्या, गुडघ्यावर हात ठेवत,
मफलर न सोडताच म्हणाल्या,
दिघे, तुम्ही त्याला परत गादीवर बसवलंत.

हाताची सवय, बाई.
माझे वडील ट्रेझरीत कारकून.
संस्थान विलीन होऊन वीस वर्षं झालेली,
तरी बाड्यावरून जाताना टोपी नीट करायचे.
कुणासाठी, विचारलं तर म्हणायचे, ते बघतात.
कुणी बघत नव्हतं.
पोस्टाच्या इमारतीवर कबुतरं होती.
वडिलांनाही मी शेवटपर्यंत तेच म्हणालो,
चितेजवळसुद्धा, ते गेले.
आईला मात्र अगं. देवाला अरे.
एकेरीत किती माणसं मावतात
हे मला कुठल्याच व्याकरणाने सांगितलं नव्हतं.

शेवटच्या प्रकरणात तो भाड्याच्या खोलीत,
आंबट वरणाची ताटली पुढ्यात,
आणि तोच स्वयंपाकी, ज्याचा भाऊ
चौथ्या प्रकरणात कर्मणि प्रयोगात गेला होता,
दारात उभा राहून एकच शब्द बोलतो:
जेवलास
पुढे काही नाही. कोरं.
मी विचारलं, प्रश्नचिन्ह देऊ की पूर्णविराम?
ही विचारपूस आहे की हिशेब?
बाईंनी गजक मोडली, अर्धी मला दिली,
बराच वेळ चावत राहिल्या.
मलाही कळलेलं नाही, म्हणाल्या.
जागा सोडा.

मी जागा सोडली.
आयुष्यात पहिल्यांदा विरामचिन्हाविना वाक्य छपाईला दिलं
आणि रात्री दोनदा उठून पाणी प्यालो.

पुस्तक निघालं. पान दोनशे बारावर
एक 'ते' तसाच राहिला.
ते कुठे जाणार?
चाळीसच काने परत दिले होते मी, एक हातून सुटला.
इंदूरच्या एका प्राध्यापिकेने त्यावर दीड पान लिहिलं:
इथे लेखिकेने बहुवचन मोडून
नपुंसकलिंगी एकवचन योजलं आहे,
माणसातून उठलेल्याला माणसाचं सर्वनामही नाकारलं आहे.
बाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं
आणि खोकला लागेपर्यंत हसल्या.

आता दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली आहेत.
दोनशे अकरापर्यंत झालं.
खाली तीळ कुटतायत.
पेनाचं टोपण सापडत नाही,
की मी शोधत नाही,
कोण जाणे.